भय दाखवणाराच औषध विकतो तेव्हा

(पिशोर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून संगणकाच्या आजारपणाविषयी बोलावे, हे काहींना थोडे वेगळे वाटेल. पण विचार करा. आज पिशोरसारख्या गावातही शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, सीईटीची नोंदणी, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचा व्यवहार हे सारे संगणकावरून किंवा हातातल्या मोबाईलवरून होते. अर्जाची मुदत उद्या संपणार आणि आज घरातला एकुलता एक संगणक अडून बसला, तर कन्नड किंवा थेट छत्रपती संभाजीनगर गाठण्याची धावपळ होते. कधी कधी तेवढ्याने मुलाचे वर्ष हातचे जाते. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नाही, तो आपल्या घराचा आणि मुलांच्या शिक्षणाचा आहे.

संगणकाला बिघडवणारी सॉफ्टवेअरे अनेक प्रकारची आहेत. त्यांतल्या एका प्रकाराकडे मी आपले लक्ष विशेष वेधणार आहे, कारण तो चोर पोलिसाचा वेश घालून येतो. पडद्यावर एकाएकी लाल पाटी झळकते : "तुमच्या संगणकात १,२०० दोष सापडले आहेत. तो कोणत्याही क्षणी बंद पडेल. सफाईसाठी येथे दाबा." कधी शिट्टीसारखा आवाज होतो, कधी एखाद्या नामवंत कंपनीचे चिन्ह दिसते, कधी खाली फोन नंबर दिलेला असतो. घाबरलेला माणूस बटण दाबतो. मग सफाईचे म्हणून एक सॉफ्टवेअर आत येते, तपासणीचे नाटक करते आणि शेवटी सांगते की दोष काढायचे असतील तर पैसे भरा.

हे १,२०० दोष येतात कोठून? कोणताही संगणक काम करताना काही तात्पुरत्या फायली आणि जुन्या नोंदी मागे ठेवतो. घरात स्वयंपाक झाला की चार भांडी ओट्यावर राहतात, तसेच हे आहे. त्या भांड्यांना कोणी रोगराई म्हणत नाही. हे नकली सफाईवाले मात्र एकेक चमचा मोजून त्याला 'धोका' असे नाव देतात. काही तर मोजण्याचेही कष्ट घेत नाहीत, ठरलेला आकडाच पडद्यावर फेकतात.

हा प्रकार केवळ गल्लीबोळातल्या भामट्यांचा आहे, असेही समजू नका. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानसाखळी आहे. तिच्या दुकानांत ग्राहकांचा संगणक मोफत तपासून देत असत. तपासणीच्या आरंभी ग्राहकाला चार साधे प्रश्न विचारले जात : संगणक मंद झाला आहे का, विषाणूची सूचना कधी आली होती का, अशा धर्तीचे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे यांपैकी एकाही प्रश्नापुढे खूण केली की संगणकात विषाणूची लक्षणे आहेत असा निकाल निघे. पुढच्या तपासणीचा त्या निकालाशी काही संबंध नसे. मग दुरुस्तीचे पैसे. २०१९ साली हे प्रकरण मिटवताना ती कंपनी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. २०२४ साली सायप्रसमधल्या दोन कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या आरोपावरून २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. सांगण्याचे तात्पर्य, शिकल्यासवरलेल्या देशातली माणसेही याला फसली. तेव्हा आपल्यापैकी कोणी फसला तर तो अडाणी ठरत नाही.

या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते, आणि आजच्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा. ज्याने भीती दाखवली, त्याच्याच हातून औषध घेऊ नये. आपण रस्त्याने जात असता एखादा अनोळखी माणूस थांबवून म्हणाला की तुमच्या पोटात गाठ आहे आणि औषध माझ्याच पिशवीत आहे, तर आपण त्याच्याकडून औषध घेऊ का? आपण ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊ. संगणकाच्या बाबतीतही तेच करावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्पष्ट सांगितले आहे की तिच्या खऱ्या सूचनांमध्ये कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की पाटी खोटी, एवढी साधी कसोटी आहे.

आता ही ब्याद घरात शिरते कशी ते पाहू. पहिली वाट फुकटेपणाची. विकत मिळणारे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून फुकट मिळवले की त्याच्या पोटातून दुसरेच काही येते. आपल्याकडे उर्दू मजकूर जुळवण्यासाठी इनपेजच्या अशा प्रती सर्रास वापरल्या जातात, मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचेही तसेच. २०१६ साली कॅस्परस्की या कंपनीने दाखवून दिले की इनपेजच्या फाईलमध्ये घातक आज्ञा दडवून आशियातल्या वित्तसंस्थांवर हल्ले झाले होते. दुसरी वाट पेनड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानातून तो शाळेत आणि शाळेतून घरी फिरतो. तिसरी वाट 'अलाऊ' या बटणाची. एखादे पान म्हणते, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा. ते दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात रोज खोट्या सूचनांचा पाऊस सुरू होतो. चौथी वाट मोबाईलची. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका हे चित्र असते, अॅप नसते. ती उघडू नये.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. खरे, नावाजलेले सफाईचे सॉफ्टवेअरही निर्धोक असतेच असे नाही. २०१७ साली सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीतच हल्लेखोरांनी विष मिसळले आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख संगणकांवर पोहोचली होती. मुळात विंडोजमध्ये जागा मोकळी करण्याची सोय आणि विषाणूंपासून राखण करणारा डिफेंडर, दोन्ही आधीपासूनच असतात. संगणक मंद चालत असेल तर बहुधा त्याची हार्ड डिस्क जुनी झालेली असते किंवा रॅम अपुरी असते. तेथे सफाईचा उपयोग नाही. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर मंद संगणकही पुष्कळदा तरतरीत होतो.

बरे, ब्याद शिरलीच तर काय करायचे? क्रमाने सांगतो. विद्यार्थी मित्रांनो, हे वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, पाटीवरचे कोणतेही बटण दाबू नका, 'बंद करा' असे लिहिलेलेही नको. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. पुष्कळदा दुखणे एवढ्यावरच संपते, कारण ती पाटी म्हणजे केवळ इंटरनेटवरचे एक पान असते.

दुसरी गोष्ट, पाटी पुन्हा पुन्हा येत असेल तर इंटरनेट तोडा. कोणाला फोन करून आपल्या संगणकाचा ताबा दिला असेल, तर हे सर्वांत आधी करा. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही साधने स्वतः खोटी नाहीत, परंतु अनोळखी माणसाला त्यांतून आत घेणे म्हणजे घराची किल्ली देणे आहे.

तिसरी गोष्ट, आपली कागदपत्रे आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फक्त कागदपत्रे घ्या, सॉफ्टवेअर घेऊ नका. तो पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय दुसऱ्या संगणकाला लावू नका.

चौथी गोष्ट, सेटिंग्जमध्ये अॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवसापासून त्रास सुरू झाला, त्या दिवशी काय आत आले ते दिसेल. अनोळखी नावे काढून टाका. एखादे निघत नसेल तर शिफ्टची कळ धरून रीस्टार्ट दाबा आणि तेथून सेफ मोडमध्ये जा. त्या अवस्थेत विंडोज फक्त आवश्यक तेवढीच कामे सुरू करते, त्यामुळे हे पाहुणे बहुधा जागे नसतात आणि त्यांना काढणे सोपे जाते. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादीही पाहा, कारण संगणक सुरू होताच कोण कोण उठते ते तेथे कळते.

पाचवी गोष्ट, ब्राउझर साफ करा. न मागता आलेली एक्स्टेन्शन काढा, नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या अनोळखी पत्त्यांची परवानगी रद्द करा, तरीही त्रास राहिला तर ब्राउझर रीसेट करा.

सहावी गोष्ट, आता इंटरनेट जोडून डिफेंडरला अद्ययावत करा आणि पूर्ण तपासणी लावा. त्यानंतर त्याचीच ऑफलाइन तपासणी लावा. तीत संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागी होण्याआधीच झडती घेतली जाते. दुसरे मत हवे असेल तर केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने मोफत मिळतात.

सातवी गोष्ट, ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या निरोगी यंत्रावरून. एवढे करूनही संगणक सुधारला नाही, तर विंडोज नव्याने टाकणे हाच मार्ग. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की तिची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे.

पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पालकहो, आता आपल्याशी दोन शब्द. ही फसवणूक भीतीवर जगते, आणि आपल्या घरात मुलाला अब्बांच्या रागाची भीती अधिक असेल तर तिचे फावते. मुलगा चुकीचे बटण दाबतो, पाटी पाहून हादरतो, आणि मार बसेल म्हणून सांगत नाही. मग तो गुपचूप अम्मीच्या मोबाईलवरून पैसे भरतो. पाचशे रुपयांचे दुखणे पन्नास हजारांवर जाते ते या गप्प बसण्यामुळे. मुलाने येऊन सांगितले तर आधी त्याला शाबासकी द्या, समज नंतर द्या. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. एका चुकीसाठी तिचा मोबाईल काढून घेतला, तर पुढची चूक ती कधीच सांगणार नाही, आणि तिचा अभ्यासही त्या मोबाईलबरोबर जाईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, या एकाच विद्येच्या दोन वाटा तुमच्यापुढे ठेवतो. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथे शेकडो तरुण बसून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळत होते. सत्तर जणांना अटक झाली. संगणकाच्या खोट्या पाटीखाली जो नंबर असतो, त्याच्या दुसऱ्या टोकालाही अशीच खोली असते. तिथे बसणारी मुले साध्या घरांतली असतात. इंग्रजी येते, पगार बरा मिळतो, आणि काम काय आहे हे विचारायचे नाही असे ठरलेले असते.

दुसरी वाट कैलास काटकर आणि संजय काटकर या भावांची. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे हे कुटुंब. कैलास यांचे शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले आणि पुढे दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढले. दुकानात विषाणू लागलेले संगणक येऊ लागले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी त्या विषाणूंवर उतारे लिहिले. १९९० च्या दशकात त्यातूनच क्विक हील हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर उभे राहिले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. त्यांचेच सॉफ्टवेअर घ्या असे मी सांगत नाही. एवढेच सांगतो की थोरल्या भावाने दुकान चालवले म्हणून धाकटा शिकला, आणि धाकटा शिकला म्हणून दुकानाची कंपनी झाली. आपल्या गावातही हार्डवेअर दुरुस्त करणारी, मोबाईल उघडून जोडणारी हुशार मुले आहेत. त्यांना शिक्षणाची जोड मिळाली तर ती वाट पिशोरमधूनही निघेल.

शेवटी संस्थेला एक विनंती. आठवी-नववीच्या पाच विद्यार्थ्यांचे एक पथक नेमावे. महिन्यातून एकदा शाळेच्या संगणकांची वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी करावी, कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवावी, आणि त्या दिवशी पालकांनीही आपले मोबाईल घेऊन यावे. खर्च काही नाही. मात्र गावात अशी पाच मुले तयार झाली की लाल पाटी दिसल्यावर त्या पाटीवरचा नंबर फिरवण्याऐवजी माणसे त्यांच्या दारी येतील.