रिकामे परतलेले यान



अंतराळप्रवास म्हटला की अग्निबाणाचे उड्डाण प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु अशा मोहिमेची खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. बुच विल्मोर आणि भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स या अमेरिकन अंतराळवीरांचा लांबलेला मुक्काम याचीच साक्ष देतो.

दिनांक ५ जून २०२४ रोजी हे दोघे बोइंग कंपनीच्या ‘स्टारलायनर’ यानातून निघाले. माणसे घेऊन जाण्याची त्या यानाची ती पहिलीच वेळ होती. मुक्काम जेमतेम आठवड्याचा ठरला होता. दुसऱ्या दिवशी, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाजवळ पोचत असताना, यानाची दिशा सांभाळणाऱ्या २८ लहान इंजिनांपैकी ५ बंद पडली. हेलियम वायूची गळतीही आढळली. चार इंजिने पुन्हा सुरू झाली आणि यान स्थानकास जोडले गेले. मात्र परतताना ती दगा देणार नाहीत, अशी खात्री कोणास देता येईना.

पृथ्वीवर तशाच इंजिनाच्या चाचण्या घेण्यात आल्या. कंपनीचा आपल्या यानावर विश्वास होता. ‘नासा’च्या तज्ज्ञांच्या शंका मात्र फिटल्या नव्हत्या. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ आणि २००३ मध्ये ‘कोलंबिया’ या यानांच्या अपघातांत प्रत्येकी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले होते. अभियंत्यांनी बोलून दाखविलेल्या शंकांकडे तेव्हा पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, या निर्धाराने २४ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय जाहीर झाला: यान रिकामेच परत आणावयाचे.

या निर्णयाची किंमत अनेकांनी मोजली. पुढील ‘ड्रॅगन’ यानातून चौघे जाणार होते. त्यांपैकी दोघींना आपल्या जागा सोडाव्या लागल्या आणि २८ सप्टेंबर रोजी ते यान दोन आसने रिकामी ठेवून निघाले. ते पोचेपर्यंत आणीबाणी उद्भवलीच, तर स्थानकावरील दुसऱ्या ‘ड्रॅगन’ यानात सामानाच्या जागी कामचलाऊ बैठक करून दोघांना आणावयाचे, अशीही तजवीज होती. मूत्रापासून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पंप नेण्यासाठी निघतानाच दोघांच्या कपड्यांच्या पेट्या खाली ठेवल्या गेल्या होत्या. त्यांचे कपडे पुढे मालवाहू यानातून पोचले.

दिवस मात्र वाया गेले नाहीत. वजनरहित अवस्थेत हाडे व स्नायू झिजतात. म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम, आणि त्याखेरीज प्रयोग व दुरुस्तीची कामे, हा नित्यक्रम चालू राहिला. सप्टेंबरमध्ये सुनीता विल्यम्स यांनी स्थानकाचे नेतृत्व स्वीकारले. जानेवारी २०२५ मध्ये त्या दोनदा स्थानकाबाहेर पडून काम करून आल्या. त्यांच्या सर्व मोहिमांतील असे काम मिळून ६२ तास ६ मिनिटांचे झाले. तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने एवढा काळ अंतराळात स्थानकाबाहेर काम केले नव्हते. अखेर २८६ दिवसांनंतर, १८ मार्च २०२५ रोजी, फ्लोरिडाजवळच्या समुद्रात दोघे सुखरूप उतरले.

इकडे ‘स्टारलायनर’ ६ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीच न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अलगद उतरले होते. मग माणसांना त्यातून न आणण्याचा निर्णय चुकला, असे म्हणावे काय? मुळीच नाही. निर्णयाची पारख नंतर काय घडले यावरून करावयाची नसते. निर्णयाच्या वेळी काय ठाऊक होते, आणि काय ठाऊक नव्हते, यावरून करावयाची असते. यान सुखरूप उतरले म्हणून आधीची शंका खोटी ठरत नाही.

पूल असो, धरण असो वा शाळेची इमारत, ज्यांच्या सहीवर इतरांचे प्राण अवलंबून असतात, त्या प्रत्येकास हा विवेक उपयोगी आहे. विलंब झाला तर टीका होते, खर्च वाढतो, प्रतिष्ठेलाही धक्का बसतो. हे सारे भरून काढता येते. गेलेला जीव मात्र परत आणता येत नाही.