शल्यगृहातील छायाचित्र



ज्या पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८७ साली, अवघ्या २१ वर्षांच्या असताना देह ठेवला, त्या नगरीत या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्व शल्यचिकित्सक भगिनींचे मनःपूर्वक स्वागत करते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातील १८८५ सालच्या छायाचित्रात जपानच्या केइ ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्या समवेत, प्रत्येकीने स्वदेशाचा वेष परिधान केलेला असताना, साडीतील आनंदीबाई आपणांस दिसतात. स्त्रीने वैद्यक शिकावे काय, यावर तत्कालीन पंडितांनी घातलेले वाद विस्मरणात गेले, या चित्राची साक्ष मात्र अद्याप कायम आहे.

अशा साक्षीची गरज आजही आहे. रात्रभर शस्त्रक्रिया करून सकाळी राउंडला आलेल्या सर्जन स्त्रीला ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ असे विचारणाऱ्या रुग्णाच्या मनात आकस नसतो. परिचारिकेचा व्यवसाय मला वंदनीय आहे. परंतु सर्जन म्हणजे पुरुष, ही त्या रुग्णाच्या दृष्टीला जडलेली सवय मोडायची, तर त्या दृष्टीपुढेच काही ठेवले पाहिजे. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत शल्यशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या डॉ. हेदर लॉगी यांनी ट्विटरवर ‘आय लुक लाइक अ सर्जन’ या हॅशटॅगाचा पुरस्कार केला, आणि देशोदेशींच्या सर्जन स्त्रिया आपली छायाचित्रे जाहीर करू लागल्या. पुढे एप्रिल २०१७ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार मालिका फाव्र यांनी काढलेले चित्र आले : टेबलावर निजलेल्या रुग्णाला वर पाहताना दिसावेत, तसे टोपी व मास्क घातलेल्या चार स्त्रियांचे वाकलेले चेहरे. सर्जन डॉ. सुसान पिट यांच्या आवाहनावरून ठिकठिकाणी चौघीचौघी सर्जन स्त्रियांनी तीच रचना आपल्या शल्यगृहात उभी केली.

अशा चित्रांत आणखीही एक गोष्ट टिपली जावी, असे मला वाटते. उंच पुरुषाच्या बेताने लावलेल्या टेबलाशी पायांखाली घेतलेले स्टूल, मोठ्या पंजासाठी घडवलेला आणि म्हणून दोन्ही हातांनी दाबावा लागणारा स्टेपलर, हेही जगाने पाहावे. रुग्णालयांच्या खरेदीखात्याच्या दफ्तरी योग्य मापाच्या साधनांसाठीचे शेकडो अर्ज धूळ खात पडतात, तेथे असे एक चित्र दाखल व्हावे. मात्र रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याचा देह चित्रात येता कामा नये. यात कोणासही मुभा नाही.

येथील प्रात्यक्षिकांसाठी लहान मापाचे हातमोजे आणि खालीवर होणारी टेबले यांची तजवीज समितीने केली आहे. अध्यक्षमहोदयांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करते.