उपाहारगृह कुणाचे? – इंडियन कॉफी हाउसची कहाणी



परगावाहून मोठ्या शहरात आलेल्या माणसाच्या खिशात बहुधा एक यादी असते. ती कुणा अनुभवी नातलगाने सांगितलेली असते, नाहीतर एखाद्या मार्गदर्शिकेतून उतरवून घेतलेली असते. कोलकात्यास आलेला प्रवासी प्रथम हावड्याचा पूल पाहतो. नदीच्या पात्रात एकही खांब न उभारता बांधलेला हा पोलादी पूल १९४३ साली रहदारीस खुला झाला. त्यानंतर तो व्हिक्टोरिया स्मारकाकडे वळतो. मकराण्याच्या शुभ्र संगमरवराची ही वास्तू. १९०६ साली तिची कोनशिला बसली आणि १९२१ साली ती लोकांसाठी उघडली. प्रवासी मान वर करून पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. स्मारकाचे आणि प्रवाशाचे नाते एवढ्यावरच संपते.

परंतु त्या यादीच्या तळाशी आणखी एक नाव असते : कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस. इतर स्थळांची प्रदक्षिणा उभ्या उभ्या करता येते. येथे मात्र बसावे लागते, काही मागवावे लागते आणि ते येईपर्यंत थांबावे लागते. उपाहारगृह हे शहरातील असे एक प्रेक्षणीय स्थळ आहे की, तेथे प्रवासी स्वतःच त्या दृश्याचा एक भाग होऊन जातो. म्हणून एखादे शहर पाहताना तेथील उपाहारगृहेही पाहावीत, आणि ती पाहताना एक प्रश्न मनात ठेवावा : हे घर कुणाचे आहे? इंडियन कॉफी हाउसच्या बाबतीत या प्रश्नाचे जे उत्तर मिळते, तोच आजच्या विवेचनाचा विषय होय.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयासमोरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांमधून वाट काढीत गेले की एक जिना लागतो. तो चढून गेल्यावर एका प्रशस्त, उंच छताच्या दालनात पाऊल पडते. वर पंखे फिरत असतात, सभोवार सज्जा असतो, भिंतीवरून रवीन्द्रनाथांची भव्य प्रतिमा खाली पाहत असते आणि टेबलाटेबलांवरून उठणारा बोलण्याचा गलबला छतापर्यंत पोहोचून परत खाली येतो. पांढऱ्या पोशाखातील, डोक्यावर तुऱ्याची पगडी घातलेले वाढपी त्या गर्दीतून तबके सांभाळीत जातात. दुधावाचूनच्या काळ्या कॉफीला येथे ‘इन्फ्यूजन’ म्हणतात. एका पेल्यावर किती वेळ बसावे याचा कोणताही नियम नाही. ‘कृत्तिबास’ नियतकालिकाभोवती जमलेले तरुण कवी येथे बसले. अमर्त्य सेन विद्यार्थी असताना येथे बसले. या जागेच्या आठवणींवर १९८३ साली मन्ना डे यांनी गायिलेले गीत बंगालीभाषकांच्या तोंडी कायमचे राहिले आहे.

या वास्तूचे मूळ नाव अल्बर्ट हॉल. १८७६ साली ती सार्वजनिक कार्यासाठी स्थापन झाली. १८८३ च्या डिसेंबरात सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी बोलावलेली राष्ट्रीय परिषद येथेच भरली. काँग्रेसच्या स्थापनेपूर्वीची ही दोन वर्षे. तेव्हा बोलण्याची परंपरा या जागेत कॉफीच्या आधीपासूनच होती असे म्हणावे लागते. कॉफी आली ती १९४२ साली, आणि ती एका सरकारी मंडळाने आणली.

सरकारी मंडळाने उपाहारगृह काढावे याचे आज कुणालाही नवल वाटेल. त्यामागील कारण कॉफीच्या मळ्यांत सापडते. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. कोडगू आणि चिकमगळूरच्या मळेवाल्यांपुढे मालाचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. दक्षिणेबाहेर देशात कॉफी पिणारे फारसे नव्हते. उत्तरेत आणि पूर्वेत चहाने आधीच ठाण मांडले होते. तेव्हा कॉफी-उपकर समितीने असा विचार केला की, लोकांना कॉफीची सवय लावायची तर ती चांगली करून, स्वच्छ जागेत, माफक दरात त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे. या विचारातून १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. पुढे महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पाडली, १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळाकडे विक्रीची सूत्रे आली आणि त्या दशकात देशभर सुमारे पन्नास कॉफीगृहे झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मंडळाच्या दृष्टीने ही गृहे म्हणजे कॉफीची जाहिरात होती. तेथे बसणारा विद्यार्थी, वकील, वार्ताहर अथवा कवी हा एका नव्या सवयीचा उमेदवार होता. आणि त्याला पेला आणून देणारा कामगार हा त्या जाहिरातीचा एक खर्च होता. जाहिरातीचे काम संपले असे वाटले की तिच्यावरील खर्च बंद करणे हिशेबाला धरूनच होते. १९५० च्या दशकाच्या मध्यास मंडळाने नेमके हेच ठरविले. कॉफीगृहे बंद करावयाची आणि कामगारांना घरी पाठवावयाचे, असा निर्णय झाला.

आता या निर्णयाकडे पगडीखालच्या माणसाच्या बाजूने पाहावे. त्याचे शिक्षण बेताचे. वयाची उमेदीची वर्षे एकाच कामात गेलेली. तबक तोलून धरणे, कोणत्या टेबलाला किती वेळ थांबवून चालते हे ओळखणे, पहाटे कॉफीचा अर्क तयार ठेवणे, रात्री गल्ला जुळविणे ही त्याची विद्या. ही विद्या कमी दर्जाची नव्हती. पण तिला दाखला नव्हता. हाती नुकसानभरपाईची रक्कम घेऊन गावी परतणे किंवा दुसऱ्या एखाद्या मालकाच्या दारात उभे राहणे, असे दोनच मार्ग त्याला दिसत होते.

तिसरा मार्ग दाखविला तो कामगार चळवळीने. लोकसभेतील साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांनी या कामगारांची बाजू घेतली आणि त्यांच्यापुढे मागणीचे वेगळे रूप ठेवले. नोकरी परत मागण्यापेक्षा गृहेच मागून घ्यावीत. कामगारांनी सहकारी संस्था काढाव्यात आणि ती आपणच चालवावीत, असे त्यांचे सांगणे होते. मंडळाला अखेर हे मान्य करावे लागले. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरूस अशी संस्था सुरू झाली. त्याच वर्षअखेरीपर्यंत दिल्लीचे कामगारही या मार्गाने पुढे आले. केरळात, नोकरीतून काढले गेलेले कामगार-कार्यकर्ते नडक्कल परमेश्वरन पिळ्ळै यांनी संघटनेचा भार उचलला आणि ८ मार्च १९५८ रोजी त्रिशूर येथे गोपालन यांच्या हस्ते केरळातील पहिले कामगारांचे कॉफीगृह उघडले. पुढे नागपूर, पुणे, जबलपूर, लखनौ, पुदुच्चेरी अशा अनेक ठिकाणी संस्था उभ्या राहिल्या. जुन्या नावातील ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले. पाटीवर फरक एका अक्षराचा. आत मात्र मालकच बदलला होता.

उपाहारगृह काढणे ही ज्याने ते काढले नाही त्याला सोपी वाटणारी गोष्ट आहे. जागेचे भाडे पहिल्या दिवसापासून चालू होते. गिऱ्हाईक मात्र हळूहळू येते. दूध रोज नासते, भांडी रोज फुटतात, आणि न विकलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी मालाच्या यादीत धरता येत नाही. कालपर्यंत जे सर्व नुकसान मंडळाच्या खाती पडत होते ते आता आपल्याच खिशातून जाणार, ही जाणीव पहिल्याच महिन्यात होते. या कामगारांजवळ भांडवल अल्प होते. परंतु नव्या उपाहारगृहाला जे मिळविण्यास वर्षे लागतात ते त्यांच्याजवळ आधीच होते : हातातील सराव, एकमेकांची ओळख आणि गिऱ्हाइकाचा विश्वास. सहकारी कायद्याने त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली. सभासदाचे भाग कितीही असोत, त्याचे मत एकच. भांडी घासणारा आणि गल्ल्यावर बसणारा निवडणुकीच्या दिवशी बरोबरीचे झाले.

या रचनेचा परिणाम कामाच्या रीतीवर झाला. केरळातील कॉफीगृहांत नवा माणूस साफसफाईपासून आरंभ करतो, मग वाढपी होतो, स्वयंपाकघर शिकतो आणि पुढे व्यवस्थापकाच्या जागेपर्यंत जातो. त्यामुळे वरिष्ठाने सांगितलेले काम त्याने स्वतः कधीतरी केलेले असते. मालकाचा वेगळा नफा काढावयाचा नसल्याने दर खाली ठेवता येतात. ग्राहक दोन तास बसला तर वाढप्याच्या कपाळाला आठी पडते का, हे पाहण्यासारखे असते. रिकाम्या पेल्यासमोर बसलेला माणूस धंद्याच्या दृष्टीने तोट्याचा खरा. पण तोच उद्या आणखी चौघांना घेऊन येतो, हा हिशेब ज्याला समजला तोच असे गृह चालवू शकतो.

गिऱ्हाइकानेही आपला वाटा उचलल्याचे उदाहरण कोलकात्यातच आहे. १९५८ साली कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस बंद करण्याचे ठरले. तेव्हा प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाचे अध्यापक पुढे सरसावले, त्यांनी रदबदली केली आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. आज तेही कामगारांच्याच सहकारी संस्थेच्या हाती आहे. ज्यांनी तेथे तासन् तास बसून संस्थेचा ‘तोटा’ केला होता, त्यांनीच ऐनवेळी ती वाचविली.

कामगारांच्या मालकीच्या या परंपरेला आपली स्वतःची वास्तू लाभली ती तिरुवनंतपुरम येथे. बसस्थानकाजवळच्या अगदी चिंचोळ्या जागेत लॉरी बेकर या वास्तुकाराने तांबड्या विटांचा एक गोल मनोरा उभारला. बेकर मूळचे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे. भारतात आले आणि भारताचेच झाले. कमी खर्चात, जवळच मिळणाऱ्या सामानातून बांधावे हा त्यांचा आग्रह. या मनोऱ्यात मजले नाहीत. एकच उतरण वळसे घेत वर जाते आणि तिच्या कडेने भिंतीलगत बांधीव बाके व टेबले आहेत. विटांच्या जाळीतून वारा आणि उजेड आत येतो. वाढपी ती चढण दिवसभर चढतो आणि उतरतो. शहर पाहावयास आलेले लोक आज या इमारतीचे छायाचित्र काढतात. पण ती बघून पुढे जात नाहीत, बिटाच्या सारणाचा मसाला डोसा मागवून बसतात. स्मारक आणि उपाहारगृह यांतील भेद येथे उरत नाही.

या कहाणीत केवळ यशच आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील गजबजलेले कॉफी हाउस आणीबाणीच्या काळात आपल्या जागेला मुकले आणि पुढे मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर नांदू लागले. बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरील कॉफीगृहाला २००९ साली जुनी जागा सोडून चर्च स्ट्रीटवर जावे लागले. मध्यंतरी नव्या धर्तीची, वातानुकूलित कॉफीची दुकाने शहराशहरांत आली. जुन्या गृहांतील पलिस्तर उखडले, खुर्च्या डुगडुगू लागल्या. भाडे आणि डागडुजी यांचा मेळ घालताना काही संस्था मेटाकुटीस आल्या. दर वाढवावेत तर नेहमीचा ग्राहक तुटतो आणि न वाढवावेत तर छत गळते, हा पेच कामगार मालक झाल्याने सुटलेला नाही. एवढेच झाले की, तो कसा सोडवावयाचा हे ठरविणारे लोक त्याच घरात राबणारे आहेत. चुकले तरी आपले, साधले तरी आपले.

एखादे उपाहारगृह काढण्याचे मनात असणाऱ्या तरुणाला या कहाणीतून सजावटीची अथवा जाहिरातीची युक्ती मिळणार नाही. त्याला एक प्रश्न मात्र मिळेल. जागा, भांडवल, पदार्थांची यादी हे सारे जमल्यावर, तबक घेऊन टेबलापाशी जाणाऱ्या माणसाचा या घरात वाटा कोणता, हे त्याने ठरविले आहे काय? मंडळाजवळ पन्नास गृहे होती, पैसा होता, कॉफी तर हवी तेवढी होती. तरी त्याने ती बंद करावयास घेतली, कारण त्याचे काम झाले होते. कामगारांजवळ त्यांतले काहीच नव्हते. पण त्यांचे काम संपण्याजोगे नव्हते.

म्हणून शहराची यादी हाती घेऊन निघालेल्या प्रवाशाने पूल पाहावा, स्मारक पाहावे आणि पाय दुखू लागले की असा एखादा जिना चढावा. कॉफी येण्यास थोडा उशीर झाला तरी घाई करू नये. आणि पगडीवाला वाढपी देयकाची चिठ्ठी बशीत ठेवील तेव्हा एकवार त्याच्याकडे पाहावे. प्रवासी ज्या घरी पाहुणा म्हणून आला आहे, त्या घराच्या अनेक मालकांपैकी तो एक असतो.