पाय दिला, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, वक्ते तर नाहीच नाही. गिरणीच्या साचाखात्यात उभी हयात गेली. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

भाईंदरच्या माणसाला लोकल काय चीज आहे हे सांगायला नको. आपल्या वस्तीतल्या एका भाजीवाल्यांचा पाय रूळ ओलांडताना गुडघ्याखाली गेला. पुढे एका शिबिरात त्यांना जयपूर फूट मिळाला. त्यांना घेऊन आम्हीच गेलो होतो. हारतुरे झाले, फोटो निघाले. आम्हालाही वाटलं, चला, एक चांगलं काम झालं.

काही महिन्यांनी वर्गणीसाठी त्यांच्या घरी गेलो, तर पाय दारामागे खिळ्याला टांगलेला! आणि गृहस्थ कुबड्यांवर. विचारलं तर म्हणाले, "दादा, पाय चांगला हाय. पण माझाच पाय आता त्याला पुरत न्हाय." आम्ही मान खाली घातली. त्यांचं नाव इथे घेत नाही. फोटो छापून आला तेवढा पुरे.

असं का झालं? आम्ही चौकशी केली. कापलेल्या पायाची सूज हळूहळू उतरते, मांस आटतं. ज्या वाटीत तो पाय बसतो तिला सॉकेट म्हणतात. ते सैल होतं, घासतं, जखम होते. आधी जाड मोजे घालून भागतं, नंतर सॉकेट बदलावंच लागतं. रबराचं पाऊलही वापरून झिजतं. वाढत्या वयाचं पोर असेल तर पाय पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. म्हणजे पाय ही एकदाच द्यायची वस्तू नव्हे.

गिरणीतल्या माणसाला हे लवकर कळतं. फिटर साचा बसवून निघून गेला आणि पुढे तेल घालायला, पट्टा बदलायला कोणी नसलं, तर साचा किती दिवस चालेल?

मित्रहो, या पायाची कथा कामगारांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास हा पाय घडवला. त्याआधीच्या विलायती धाटणीच्या पायावर बूट चढवावा लागे. मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, चिखलात चालता येत नसे. रामचंद्रजी शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण आपला माणूस कसा बसतो-उठतो हे त्यांना ठाऊक होतं. ट्रकच्या टायरला रबर चढवणाऱ्या दुकानात रबर भाजून त्यांनी पाऊल बनवलं. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण रामचंद्रजींचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हा पाय गरिबांना फुकट मिळू लागला. हे उपकार विसरता येणार नाहीत.

पण सगळा भार दात्यांवर टाकून आपण मोकळे कसे होणार? भाजीवाल्यांना आम्ही महालक्ष्मी स्टेशनला उतरवून हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत नेलं. ही सरकारी संस्था १९५५ पासूनची. तीन खेपा झाल्या, नवं सॉकेट बसलं. खर्च कशाचा होता? रिक्षाचा, आणि सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाचा! गरिबाचं घोडं अडतं ते इथे.

आणखी एक. हा हक्क आहे, भीक नव्हे. गरजूंना कृत्रिम अवयव मिळावेत म्हणून केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. आधी १९९५ चा आणि मग २०१६ चा कायदा झाला. पण दाखला नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विहारात एक वही ठेवा. वस्तीत कोणाला पाय बसवला, कधी बसवला, पुढची तपासणी कधी, दाखला निघाला की नाही, हे तीत लिहा. महिन्यातून एका रविवारी दोन तरुणांनी त्या घरी जाऊन एवढंच विचारावं, "पाय घासतोय का?" हारांचे पैसे वाचवून रिक्षाभाड्याचा डबा भरा. दान देऊन फोटो काढला की माणूस सुटला, असं नसतं.

आमचे भाजीवाले आज सकाळी बाजारात उभे आहेत. म्हणून इथे येऊ शकले नाहीत. याहून मोठा सत्कार कोणता?

जय भीम! नमो बुद्धाय!