'बॉयकॉट' : आडनावाचे क्रियापद



'बॉयकॉट' हे इंग्रजी क्रियापद आपण सहज वापरतो. पण ते एका माणसाचे आडनाव होते.

आयर्लंडातील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी होते कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. धनी १० वर अडला, आणि बॉयकॉटसाहेबांनी बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितले होते की, घालवलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी कोणी बोलू नये, व्यवहार करू नये. गावाने तो उपाय थेट कारभाऱ्यावरच चालविला. गडी गेले, परटीण येईना, लोहार घोड्याला नाल मारीना, दुकानदार जिन्नस देईना. पीक काढायला बाहेरून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई! बटाट्यांच्या किमतीपेक्षा पहाऱ्याचाच खर्च कितीतरी पट झाला.

आता शब्दाचा जन्म. रेडपाथ नावाचे अमेरिकन वार्ताहर तिथल्या फादर ओमॅली यांच्याकडे जेवायला बसले असता, या प्रकाराला नाव काय द्यावे अशी चर्चा निघाली. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' होता. ग्रीकांच्या खापऱ्यांवरच्या मतदानातून आलेला, पंडिती. तो कुळांना कळणार नाही, असे फादरांचे म्हणणे. त्यापेक्षा 'बॉयकॉट करणे' म्हणू या. ही हकीकत रेडपाथ यांनीच लिहिली आहे. थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो शब्द उचलला. भाषेला पंडितांपेक्षा असे पाद्रीच अधिक उपयोगी पडतात, असे आम्हांस वाटते.

१९०५ साली वंगभंगानंतर तो आपल्याकडे विलायती मालावर चालला. मराठीने त्याला 'बहिष्कार' म्हटले. हा शब्द मात्र नवा नव्हता. जातपंचायतीने वाळीत टाकणे, ग्रामण्य करणे, हा त्याचा जुना संसार. आयर्लंडात दुबळ्यांनी बलवंताला एकटे पाडले. आपल्याकडे बहुधा बलवंतांनीच दुबळ्याचे पाणी तोडले. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली संस्थेला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ साली पत्राला 'बहिष्कृत भारत' अशी नावे दिली, ती या जुन्या अर्थाने. एकच शब्द, एकाच्या हातात हत्यार, दुसऱ्याच्या अंगावर वळ.

महाराष्ट्राने २०१६ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्याच्या नावात 'बहिष्कार' शब्दाआधी 'सामाजिक' हे विशेषण लावावे लागले.