अळणी पाण्याची वाटी

हिवरे बाजारचं नाव निघालं की पाण्याची गोष्ट निघते. १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढं श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. पाणी मुरलं, तसं गोठ्यात दूध आणि शेतात भाजी वाढली. मला मात्र तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाटीविषयी बोलायचंय. दुष्काळ पाहिलेली ही माणसं दात गेले की भाकरी टाळतात, मग हळूहळू जेवणच.

आमच्याकडे त्यांच्यासाठी अळणी पाणी निघतं. बोकडाचे भाजून खरवडलेले पाय, एखादी नळी, हळद, आलं, लसूण. मंद आचेवर चारेक तास. कुकर असेल तर शिट्टीनंतर बारीक गॅसवर पाऊण तास. मसाला पडण्याआधीच त्यांचं पाणी बाजूला काढायचं. गाळून घ्या, हाडाची कपची घशात अडकते. निवल्यावर वरची चरबी काढा. मग दुधी, गाजर, शेवग्याचा गर त्यात शिजवून घोटा. मीठ बेतानं. बाजरीची भाकरी चुरली तर दात लागत नाहीत.

या रश्शानं हाडं मजबूत होतात, असं आमची आजीही म्हणायची. पण त्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. ते दुधात, नाचणीत, तिळात आहे. प्रथिनासाठी मऊ मांस कुस्करा, नाहीतर मुगाचं वरण घाला. मूत्रपिंडाचा विकार असेल, युरिक ॲसिड वाढलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि वाटी सगळ्यांच्या पंगतीतच वाढा. आतल्या खोलीत नेऊन दिली, तर निम्मी तशीच परत येते.