मेसेज कोणाच्या फोनवर येतो?

तायांनो, २०२१ मध्ये कोविडच्या लसीसाठी एका मोबाइलवर चौघांची नोंद होत होती. कितीतरी घरी तो नंबर नवऱ्याचाच. नवरा कामाला नागपूरला, मेसेजही तिकडेच!

ऑस्ट्रेलियात लस घेतल्यावर मेसेज येतो, ‘काही त्रास झाला का?’ ‘हो’ कळवलं की पुढची चौकशी होते. आपल्याकडे आशाताई विचारते. पण रोवणीच्या दिवसांत ती आली अन् आपण बांधीत असलो तर? म्हणून आपणच फोन करायचा.

पेंटाव्हॅलेंटनंतर बाळाला थोडा ताप, सुईच्या जागी सूज येते. एक-दोन दिवसांत उतरते. रडणं थांबतच नसेल तर लगेच आशाताईला सांगा. झटके आले, श्वास अडकला तर सरळ १०८ लावा. लसीनंतर अर्धा तास केंद्रावरच बसा.

आणि बाळाच्या कार्डावर नंबर आपला लिहा.